घायपात, सिमेंट आणि एक प्लेट पोहे

इंदूरच्या आमच्या कॉलेजात, सिव्हिलच्या लॅबमध्ये, सिमेंटपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. आवरायला काढले की आणखी चार निघतात. त्यातले बहुतेक मधुराच्या पीएचडीचे.

मधुरा सांगलीची. घायपाताचे धागे आधी केमिकलमध्ये भिजवले की सिमेंटमध्ये ते कुजत नाहीत आणि सिमेंटच्या फळीला वर्षानुवर्षं धरून ठेवतात, हे तिला सिद्ध करायचं होतं. आणि आमचे हेड शिंदेसर पक्के इंदुरी. कुठे काही पडलेलं दिसलं की ते उचलून कचऱ्यात टाकायला त्यांचे हात शिवशिवतात.

*

पहिल्याच आठवड्यात सरांनी तिचे धुऊन निथळत ठेवलेले धागे कचरागाडीपाशी नेले.

गाडीवाला म्हणाला, "भीगा हुआ है, गीले में डालो."

"और सुखा के लाऊँ तो?"

वाद असा रंगला की मधुरा जिना उतरून आली आणि बादली परत घेऊन गेली, तरी दोघांना पत्ता नाही.

*

कॉस्टिक सोड्यातून काढलेले धागे ती व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायची. कॉरिडॉरभर वास. एक दिवस फर्स्ट इयरची दोन पोरं दारात येऊन उभी.

"मॅम, नूडल्स हाफ प्लेट मिलेंगे?"

*

गच्चीवर वाळत टाकलेले धागे कबुतरं घरट्यासाठी पळवायला लागली. तेही फक्त केमिकलवाले. साध्यांना चोच लावत नव्हती. मधुरा रडकुंडीला आली.

सर म्हणाले, "देख, यांना तर तुझं काम पटलं. अब बस एक्झामिनर को पटाना है."

*

तो एक्झामिनर आला. मधुराची सगळी मदार एका पातळ फळीवर होती. वर्षभर गच्चीवर ऊन-पाऊस खाल्लेली ही फळी माणसाच्या वजनाने तुटली नाही, की पीएचडी पक्की. सकाळी वर गेलो तर गच्ची लख्ख.

"सर, फळी?"

"अगं, परवा सफाई तपासणारे येणार होते ना. पडी थी, मी देऊन टाकली कोणाला तरी."

एक्झामिनर चांगले धिप्पाड गृहस्थ, पण नियमाचे पक्के. म्हणाले, "नमुनाच नाही, तर मी सही कशावर करू? नवीन फळी करा, पुढच्या वर्षी बघू."

तोंडं पाडून आम्ही सगळे त्यांना गेटबाहेर पोहे खायला घेऊन गेलो. ठेल्यापुढे नाली, नालीवर एक फळी आडवी टाकलेली. एक्झामिनर तिच्यावर उभे राहून खायला लागले. मधुराची नजर फळीच्या कडेला गेली. तिथे तिनेच खिळ्याने कोरलेला नंबर होता. तिने माझा दंड घट्ट धरला.

एक्झामिनरांची प्लेट संपली. पोहेवाल्याने विचारलं, "बस, साब?"

"नहीं भिया," मधुरा म्हणाली, "साब को एक प्लेट और. जलेबी भी. आणि शिंदेसर, तुम्ही पण जरा तिकडे त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहा."