मान दुधाला, पैसा शेणाला

पार्से गावात लोक त्याला ‘दूधवाले कृष्णनाथबाब’ म्हणत, आणि कुणी नुसतं ‘गोठेवालो’ म्हटलं तर कृष्णनाथ त्याच्याशी चार दिवस बोलत नसे. पणजीतली कारकुनी सोडून त्याने सहा जर्सी गायी आणल्या होत्या, ते काय असलं ऐकायला? गोवा घटकराज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी गावच्या दूध सोसायटीने त्याला शाल पांघरली आणि ‘आदर्श दूध उत्पादक’ ठरवलं. तेव्हापासून तर गडी जमिनीवर चालायचाच बंद झाला.

आता आतली गोष्ट सांगतो. त्या दुधात दमडी सुटत नव्हती. म्हशीच्या मानाने जर्सीचं दूध पातळ, सोसायटी फॅट बघून भाव देणार, आणि पेंड मात्र दर महिन्याला चढणार. वर गुरांच्या डॉक्टरचं बिल. वर केरबाचा पगार. केरबा हा कोल्हापूरकडचा गडी, बायको मंजुळेला घेऊन गोठ्यामागच्या खोलीत राहायचा. मग हे सगळं निघायचं कुठून? शेणातून! डोंगरावर काजू, खाली माड; कुजलेल्या खतासाठी बागायतदार नंबर लावून बसत. हा व्यवहार मागीलदारी कृष्णनाथची बायको विनोदिनी बघायची. हातात रोख घ्यायची आणि परस्पर पेंडवाल्याला द्यायची. कृष्णनाथला सगळं ठाऊक होतं. पण खताचा टेंपो आला की स्वारी ओसरीवर पेपर उघडून बसायची, शेजाऱ्याच्या घरचं काहीतरी चाललंय अशा थाटात.

“अवो, एक दिवस तरी त्या शेणाचां नाव घेवा,” विनोदिनी म्हणायची. “गोठो त्येच्यार चलता.”

“दूध ह्यो धंदो,” हा गुरगुरायचा. “शेण म्हणजे गोरवांची घाण!”

ती बिचारी कपाळावर हात मारून घ्यायची.

त्यांच्या मुलीला, तनयाला, डिचोलीचं स्थळ आलं. मुलगा गौरेश, शाळेत मास्तर, अगदी सालस. बाप सदाशिवबाब मोठे काजू बागायतदार. मुलगी पसंत पडली, फोडणीचे पोहे संपले, आणि सदाशिवबाब म्हणाले, “जरा गोठो बघूया.” कृष्णनाथ फुलला. प्रत्येक गायीचं दूध किती, तिची आई कोण, सगळं सांगत चालला. पाहुणे नुसतेच हूं हूं करत होते. ते थांबले ते थेट शेणखताच्या ढिगापाशी. मूठभर खत उचललं, चुरगाळलं, नाकाशी नेलं.

“वा! काय भाव लावतात?”

विनोदिनी भाव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात कृष्णनाथ हसला. होणाऱ्या व्याह्यासमोर शेणाचा भाव सांगायचा? आदर्श दूध उत्पादकाने?

“भाव कसलो, सदाशिवबाब! आमी शेणाचे पैशे घेणव नाय. देवान दुधार भरपूर दिलां. तुमका व्हयां तितक्यां न्यावा.”

“लक्ष्मी नांदता तुमच्या घरात,” सदाशिवबाबांनी हात जोडले.

विनोदिनीने नवऱ्याकडे अशी नजर टाकली की दुसरा कुणी असता तर तिथेच पुरला गेला असता.

लग्न झोकात झालं. मांडव उतरला आणि आठवड्याभरात केरबा ओसरीवर आला. “मालक, डिचोलीचा टेंपो आलाय. शेण मागत्यात. भरू?”

“भर बाबा, भर,” आतून विनोदिनीच बोलली. “मालकान शबुद दिलो हा.”

टेंपो येत राहिला. व्याह्याकडे पैसे मागायचे कसे? उद्या पोरीला ऐकवतील! आणि सदाशिवबाब माणूस वाईट नव्हेत हो, टेंपोबरोबर कधी फणस पाठवत, कधी केळीचा घड. फणसाने पेंडवाल्याचं तोंड मात्र बंद होत नव्हतं. पार्सेतली जुनी गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परत जायला लागली. कृष्णनाथने एक गाय विकली, मग दुसरी. शेवटी केरबा आणि मंजुळाही बोचकं बांधून दुसरीकडे कामाला गेली. जाताना मंजुळा गायींच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा कृष्णनाथलाही भडभडून आलं. तरी सोसायटीत तो सांगायचा, “गोरवां कमी केली, दर्जो वाढवतंय.”

गणेशचवथीच्या आधी सदाशिवबाब स्वतः टेंपोत बसून आले. ढिगाकडे बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी कृष्णनाथच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

“व्याहीबाब, रागावू नकात. पण शेण लय कमी जालां. जरा धंद्यात लक्ष घाला.”

कृष्णनाथच्या तोंडापर्यंत आलं होतं. ह्याच शेणावर गोठा उभा होता, घर उभं होतं, हे एकदाचं सांगून टाकावं. दारात विनोदिनी उभी होती, तीही वाट बघत होती.

“घालतंय,” तो म्हणाला.

भरायला गडी नव्हता. त्याने धोतर खोचलं, फावडं घेतलं आणि स्वतः टेंपोत शेण टाकायला लागला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या सदाशिवबाबांनी मान बाहेर काढली.

“जरा दाबून भरा हां, व्याहीबाब.”

कृष्णनाथने दाबून भरलं.