गॅरेजशेजारचा बोळ

“एक रेघ पुसायची, एवढंच मागतोय मी. तुझं माहेर विकायला नाही सांगत.”

“रेघ नाही ती, बोळ आहे. माणसं ये-जा करतात त्यातून,” ती भांडी विसळता विसळता म्हणाली.

“माणसं म्हणजे कोण? मागचा तो शिंपी?”

“शिंपीकाका. आणि मागच्या वस्तीतून बसस्टॉपला जाणारे सगळेच.”

“बघ आई, तुझ्या सुनेला अख्खं गाव दिसतं, फक्त नवऱ्याचं गॅरेज दिसत नाही.”

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. मुलाची बाजू घ्यायची त्यांची हीच रीत.

नवऱ्याला गॅरेजशेजारचा बोळ आत घेऊन त्यावर पत्रे टाकायचे होते. अडचण एकच. लोकांच्या फोनमधल्या नकाशात बोळ ठळक दिसत होता, म्हणजे तिथं वाट असल्याचा पुरावाच होता, आणि त्या नकाशात गावातलं काय राहणार न् काय जाणार, हे त्याची बायको ठरवत होती.

सासूबाईंचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा तिनं पाणीपुरवठा कार्यालयातली नोकरी सोडली. म्हणजे सोडायची असं ठरलं, आणि तिला कळवण्यात आलं. त्यांच्या खाटेशेजारी बसून फोन चाळताना तिला हा नकाशा सापडला. कुणीही भर घालावी, पगार कुणालाच नाही. आधी तिनं चुकीच्या गल्लीत पडलेलं औषधांचं दुकान जागेवर आणलं. मग दुसऱ्यांच्या चुका दिसू लागल्या, आणि हळूहळू गावातल्या नोंदी तपासायचं कामच तिच्याकडे आलं. “तुम्ही स्वतः पाहिलंत का? फोटो आहे का?” हे तिचे ठरलेले प्रश्न. जे जमिनीवर, तेच नकाशावर. नगरसेवकाच्या माणसानं पुढे व्हायचा असलेला रस्ता नकाशात आधीच आखून ठेवला, तिनं तो परत पाठवला. लोक तिला खडूस म्हणत. तिला ते आवडायचं. घरात भाजीत मीठ किती, हेही दुसरे सांगायचे. नकाशावर मात्र तिच्या होकाराशिवाय गल्लीला नाव मिळत नव्हतं.

त्या भांडणानंतर आठवड्याभरात ती सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. परतली तर बोळाच्या दोन्ही तोंडांना विटांची भिंत. सिमेंट अजून ओलं होतं.

नवरा नळावर हात धूत होता. “जा, स्वतः बघून ये. फोटोही काढ. जे जमिनीवर, तेच नकाशावर, नाही का?”

भिंतीपलीकडून शिंपीकाकांच्या काठीचा आवाज आला. “ताई, इकडून बंद झालं का हो?”

“हो काका. टाकीकडून वळसा घालून या.”

टाकीकडचा चढ तिला माहीत होता. काकांचा पायही माहीत होता. त्याचं ड्रेसिंग करून घ्यायलाच तर ते बस पकडायचे.

दोन दिवसांनी तिच्यासमोर नोंद आली. बोळ काढून टाकावा. कारण: प्रत्यक्ष पाहिलं, दोन्ही बाजूंनी भिंत. सोबत दोन्ही तोंडांचे फोटो, तारखेसकट. नाव ठेवायला जागा नव्हती. इतकी नेटकी नोंद घरात लेकच करू शकत होती, कारण तिला शिकवलं होतं हिनंच. तिनं लेकीला हाक मारली.

“बाबांनी सांगितलं?”

“सांगितलं. गॅरेज वाढलं तर माझ्या हॉस्टेलच्या फीचं बघू म्हणाले.” लेक नजर चुकवत नव्हती. “पण खोटं काय लिहिलंय, आई? भिंत आहे ना? मग काय म्हणून परत पाठवशील?”

भिंत कुणी बांधली, हे इतक्या वर्षांत तिनं एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता तिथं, आणि तो नाही हे तिला कधी खटकलंही नव्हतं. याच नियमाच्या जोरावर ती ताठ मानेनं बसायची. नवऱ्यानं तो नुसता ऐकून ऐकून पाठ केला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चप्पल घालून बाहेर पडली. कुठे, ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा नवरा म्हणाला, “केलंस का मंजूर?”

“केलं. नोंद बरोबर होती. बोळ काढला, भिंत दाखवली.”

“आली एकदाची ताळ्यावर.”

“तेच फोटो जोडून पालिकेत तक्रार दिलीय. बांधणारा म्हणून तुमचं नाव लिहिलंय, खाली माझी सही आहे. सोमवारी मोजणीला माणूस येणार आहे, तेव्हा मी घरी थांबणार आणि भिंत त्याला मीच दाखवणार. नकाशाचं काम आजपासून सोडलं. आमटी घ्या, गार होतेय.”