माझं उटणं आणि वहिनीचं निरांजन

मंडळी, आज भाऊबीजेला निफाडला दादाकडे जाऊन आले. दिवाळीआधी त्यांना घरी केलेलं उटणं पाठवलं होतं. उन्हाळ्यापासून संत्र्याची सालं गच्चीत वाळवली, आंबेहळदीबरोबर कुटली, वस्त्रगाळ केली. माझी बोटं अजून पिवळी आहेत.

ओवाळायच्या ताटातलं पितळी निरांजन नुसतं लखलखत होतं. मी कौतुक केलं.

"तुमच्याच उटण्याने घासलं, ताई," वहिनी साधेपणाने म्हणाली. "अंगाला आम्ही दुकानातलंच लावतो. त्याला वास चांगला असतो."

मी हसले. त्याच निरांजनाने दादाला ओवाळलं.

ताटात ओवाळणी टाकत तो म्हणाला, "उटणं लय भारी हाय तुझं. पुढच्या वर्षी किलोभर कर."

तुम्हीही अशा वेळी हसूनच घरी येता का?