चंद्रा, लेझर आणि मी

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं. मूर्खपणा सगळेच करतात हो. पण आधी अपॉइंटमेंट घेऊन, एसीत रांगेत बसून, डोळ्यांना काळा चष्मा लावून मूर्खपणा केलेला माणूस बघायचा असेल तर तो तुमच्यासमोर बसलाय.

हा डावा हात बघा. कोपराच्या खाली निळसर-राखाडी काहीतरी दिसतंय ना? नीट बघितलं तर 'चंद्रा' असं आहे. अकरा वर्षांचा असताना गावच्या जत्रेत गोंदून घेतलं. बाकीच्या पोरांनी स्वतःची नावं गोंदवली, गर्दीत चुकलं तर कोणीतरी घरी आणून सोडेल म्हणून. मी आमच्या म्हशीचं गोंदवलं. म्हणजे मी चुकलो असतो तर लोकांनी मला नेऊन गोठ्यात बांधलं असतं.

पण खरं सांगतो, माझा तिच्यावर जीव होता. वडील लवकर गेले. आईनं चंद्राच्या दुधावर माझी शाळा केली. मी सातवीत असताना अडचण आली आणि ती शेजारच्या गावातल्या पाहुण्यांना द्यावी लागली, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

आता हे सगळं रबाळ्याच्या कारखान्यात, डबा खाताना, टाय लावलेल्या सुपरवायझरसमोर कोण सांगणार? नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच नवी मुंबईत आलेलो, शिरवण्यात भाड्याची खोली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात नोकरी. पहिल्याच आठवड्यात एकानं बाही वर सरकलेली बघून विचारलं, 'कोण रे ही चंद्रा?' म्हैस म्हटलं असतं तर रिटायर होईपर्यंत मला म्हैसवालाच म्हणाले असते. मी खिडकीबाहेर बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणालो, 'होती एक.'

झालं. त्या सुस्काऱ्यानं घात केला. पुढची दोन वर्षं अख्खं पॅकिंग खातं चंद्रासाठी हळहळत होतं. तिचे वडील पाटील आहेत, तिला जबरदस्तीनं दुसरीकडे दिली, मी अजून तिच्या आठवणीत झुरतोय, हे सगळं त्यांनीच आपापसात ठरवलं. मी फक्त कुठे खोडलं नाही. उलट मला आवडायला लागलं होतं. कँटीनमध्ये भजी आली की एक जास्तीची माझ्या ताटात पडायची, 'खा रे, दुःखी माणूस आहेस.'

मग माझं लग्न ठरलं आणि हे सगळं अंगाशी आलं.

स्थळ आणलं आमच्या घरमालकानं, हसुरामशेठनं. शिरवण्याचा मूळचा माणूस. भातशेती गेली आणि तिथे चाळी उभ्या राहिल्या. भाडेकरूच्या पोटाची, आजारपणाची, लग्नाची काळजी आपलीच आहे असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांच्या चाळीत पूर्वी राहिलेले अण्णा आता नेरूळला फ्लॅटमध्ये गेले होते. त्यांची मुलगी वैजयंती, शाळेत शिक्षिका. मी फुल हाताचा शर्ट घालून बघायला गेलो, तिनं पोहे दिले, मी दोनदा मागून घेतले. तिनं विचारलं, 'गावाकडची आठवण येते का?' मी म्हणालो, 'छे, काय ठेवलंय तिथं.' हुशार होतो ना मी. तरी तिनं होकार दिला. मला ती इतकी आवडली होती की घरी चालत येताना मी रस्ता चुकलो.

त्यानंतर शेठनी सहज सांगितलं की दोन्हीकडची हळद एकाच हॉलवर, एकाच सकाळी. म्हणजे मला बनियनवर पाटावर बसवणार, तिच्या मावश्या, माम्या, आत्या माझ्या दोन्ही हातांना हळद चोळणार, आणि तिच्या शाळेतल्या सगळ्या बाई जवळून बघणार. डाव्या हातावर चंद्रा. शेजारी उभं माझं पॅकिंग खातं, डोळ्यांत पाणी आणून. लग्न मोडणार, हे मला स्वच्छ दिसलं.

म्हैस होती असं सांगायचं ना, असं तुम्ही म्हणाल. अहो, ऐन हळदीत सापडल्यावर नवरा म्हणतो की ती म्हैस होती. तुम्ही ठेवला असता विश्वास?

वाशीला एका दवाखान्यात नवीनच लेझरचं मशीन आलं होतं. त्यांचं पत्रक कोणीतरी आमच्या कारखान्यात टाकून गेलं होतं. पत्रकावर एका गोऱ्यापान हाताचे दोन फोटो, एकात गुलाबाचं फूल, दुसऱ्यात कोरी कातडी. मला वाटलं, पाटीवरून ओलं फडकं फिरवतात तसं असेल. अठरा दिवस हातात होते. हाफ डे टाकून गेलो.

डॉक्टरीणबाईंनी हात उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या की गावाकडची काळी शाई आहे, जाईल, पण सात-आठ सिटिंग लागतील. प्रत्येक दोन सिटिंगमध्ये दीड महिना. लेझर शाई पुसत नाही, फक्त तिचे बारीक तुकडे करतो, ते तुकडे शरीर हळूहळू वाहून नेतं. मी मनात हिशेब केला. म्हणजे माझ्या पहिल्या मुलाच्या बारशापर्यंत चंद्रा जाणार होती.

मी म्हटलं, एकदाच काय ते जोरात मारा. त्या म्हणाल्या, आपल्या रंगाच्या कातडीवर जोर केला तर शाईबरोबर कातडीचा रंगही जातो. मग काळ्याऐवजी पांढरी चंद्रा दिसेल आणि ती लांबूनही वाचता येईल. तरी मी खुर्चीतून उठलो नाही. शेवटी एक सिटिंग करायला त्या तयार झाल्या.

दुखत नाही, असं पत्रकात लिहिलं होतं. लिहिणाऱ्याच्या हातावर बहुतेक काही गोंदलेलं नसावं. फोडणीतली मोहरी तडतडून हातावर उडते तसं, एकाच जागी, अक्षरामागून अक्षर. काळ्या चष्म्याच्या आत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी बाईंना सांगत होतो की मला काही त्रास नाही. चष्मा काढला आणि बघतो तर अक्षरं पांढरीफटक! गेली! मी बाईंच्या पाया पडायच्या बेतात होतो. त्या थंडपणे म्हणाल्या, 'थांबा, दहा-पंधरा मिनिटांत परत दिसेल.'

आणि दिसली. नुसती दिसली नाही, सुजून वर आली. आतापर्यंत चंद्रा फक्त वाचता येत होती, आता चाचपूनही कळत होती. बाईंनी मलम लावलं, पट्टी बांधली आणि सूचना दिल्या. फोड येतील, फोडायचे नाहीत. खपली काढायची नाही. उन्हात हात न्यायचा नाही. आणि त्या जागेवर हळद-बिळद काहीही लावायचं नाही.

बाहेर येऊन मी बसस्टॉपवर बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हळदीच्या दिवशी हाताला नुसती पट्टी गुंडाळली असती तरी काम झालं असतं. त्या पट्टीखाली भाजायची काही गरज नव्हती.

आता पट्टी म्हटली की प्रश्न आलेच. हसुरामशेठनी दारातच विचारलं. मी म्हणालो, मशीनची वाफ लागली. वाक्य छोटंसं होतं. पण ऐकणारे शेठ होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला कारखान्याच्या गेटवर पंधरा-वीस माणसं उभी. पुढे शेठ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. सिक्युरिटीवाल्याला सांगत होते, 'आमचे पोराचा हात भाजलाय. पंधरा दिवसांवर लगीन हाय त्याचा. साहेबाला बाहेर बोलव, नायतर आमी आत येताव.'

मॅनेजर घामाघूम. मला केबिनमध्ये बोलावलं. कुठलं मशीन, कुठली वाफ, पॅकिंगमध्ये तर वाफेची लाइनच नाही.  तेवढ्यात माझे सुपरवायझर, ज्यांनी दोन वर्षं मला भजी खाऊ घातली होती, ते माझी अब्रू वाचवायला पुढे आले. शेठना बाजूला घेऊन, डोळे पुसत त्यांनी सांगितलं की वाफ-बिफ काही नाही, पोराचं चंद्रा नावाच्या मुलीवर प्रेम होतं, बिचाऱ्यानं लग्नासाठी तिचं नाव जाळून घेतलंय. असली अब्रू वाचवणारी माणसं कोणाच्या वाट्याला येऊ नयेत.

शेठ माझ्याकडे चालत आले. आवाज एकदम खाली. 'कोन ही चंद्रा? मी अण्णाला शब्द दिलाय. मना आधी सांगाला काय झालता?'

मी तोंड उघडलं. समोर शेठ, मॅनेजर, अख्खं पॅकिंग खातं. म्हैस म्हणायचा धीर होईना. शेठ तसेच निघाले आणि थेट अण्णांकडे गेले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी बॅग भरली आणि चौकशीला माझ्या गावची एसटी पकडली.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वैजयंती गेली, असं मी धरून चाललो होतो. हातावरच्या फोडांपेक्षा ते जास्त दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला. मी गेलो तर शेठ आधीच सोफ्यावर बसलेले. अण्णांनी प्रवासातली पिशवी अजून उघडली नव्हती. म्हणाले, 'तुमच्या आईला विचारलं, चंद्रा कोण. त्या मला हाताला धरून शेजारच्या गावात घेऊन गेल्या. म्हातारी झालीय, पण अजून दूध देते.'

शेठनी उपरण्यात तोंड खुपसलं. खांदे हलत होते. वैजयंती मात्र हसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, 'बाईचं नाव आहे असं सांगताना लाज नाही वाटली. म्हशीचं म्हणायला वाटली?'

मी म्हणालो, 'लोक हसले असते.'

'जिच्या दुधावर शिकलात तिचं नाव जाळून आलात तुम्ही. उद्या माझीही लाज वाटली तर?'

 मी पट्टीकडे बघत म्हणालो, 'चुकलं माझं.' इतकं सरळ वाक्य मी दोन वर्षांत पहिल्यांदा बोललो असेन.  मग ती म्हणाली, लग्न होईल, पण पुढची सिटिंग बंद.

म्हणून हा हात असा आहे, ना धड कोरा, ना धड गोंदलेला. हळदीला तेवढी जागा सोडून मला पिवळा केला. एकेक मावशी येऊन हात उचलून बघायची आणि चंद्राची तब्येत विचारायची. पॅकिंग खातं कोपऱ्यात उभं होतं. दोन वर्षांची भजी फुकट गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

लग्नात जेवणाच्या पंगतीला बायकांनी वैजयंतीला नाव घ्यायचा आग्रह केला. ती आढेवेढे न घेता म्हणाली,

'दुधावर येते साय, सायीचं होतं दही,
दिलीपरावांच्या हातावर आधी चंद्राची सही.'

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. मग माझी पाळी. मीही आठवडाभर पाठ करून आलो होतो. उठलो, घसा साफ केला, आता सगळं निस्तरलं या आनंदात खणखणीत आवाजात म्हणालो,

'नेरूळच्या खाडीला भरतीचं पाणी,
चंद्राचं नाव घेतो, हीच माझी राणी.'

हसुरामशेठ खुर्चीवरून खाली आले. वैजयंतीनं हातातला जिलेबीचा घास मला भरवायच्या ऐवजी स्वतःच खाल्ला.

म्हणून सांगतो, लेझर वाईट नाही. डॉक्टरीणबाईही हुशार होत्या. फक्त मी त्यांच्यापुढे हात केला, तिथे जीभ काढून दाखवायला हवी होती.