कुशीवरचा रिपोर्ट

आमचे हे भूगावहून हिंजवडीला कंपनीची बस नेतात. घोरतात असे, की शेजारचे भिंत वाजवतात. पण मला धास्ती घोरण्याची नव्हती, घोरणं थांबण्याची होती. मधेच श्वास बंद पडायचा, मग एकदम धाप लागल्यासारखा परत यायचा. गेल्या उन्हाळ्यात बस सिग्नलला उभी असताना यांचा डोळा लागला. मागच्या गाड्यांच्या हॉर्नने जागे झाले. हे कानावर आल्यावर मी शहरातल्या झोपेच्या डॉक्टरांची व्हिडिओवर वेळ घेतली.

घरात रेंज नाही, म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीला मोबाईल टेकवून बसलो. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, मानेचा घेर विचारला. मी ब्लाउजच्या मापाची टेप लावली.

"दिवसा पेंग येते का?"

"न्हाई," हे म्हणाले.

"येते," मी म्हणाले. डॉक्टरांनी काय लिहून घेतलं, देव जाणे.

मग कुरिअरने झोप तपासायची डबी आली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. एक रात्र हे सगळं बांधून झोपायचं आणि डबी परत पाठवायची. हे नवरदेवासारखे ऐटीत बसून बांधून घेत होते.

आठवड्याने रिपोर्ट आला. जवळपास नॉर्मल.

"बग, मी काय सांगत हुतो? तुलाच भास हुत्यात."

माझं डोकंच चालेना. इतकी वर्षं मी काय ऐकत होते? माझेच कान तपासायला हवेत की काय, असंही वाटून गेलं.

पुन्हा गच्चीवर व्हिडिओ लावला, तर डॉक्टरही चक्रावले होते. "ताई, हे रात्रभर कुशीवरच कसे? उताणे झाले की लगेच परत कुशीवर."

"मी वळवते ना," मी सहज म्हणाले. "श्वास थांबला की कोपराने ढोसते, कुशीवर करते, पाठीला उशी लावते. रोजचंच आहे."

डॉक्टरांचं पेन हवेतच थांबलं. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "म्हणजे तपासणी तुमच्या पहाऱ्यात झाली. पुन्हा करू. या वेळी त्यांना हात लावायचा नाही."

"आणि श्वास आलाच नाही तर?"

"येतो. शरीर आपणहून जागं होतं."

मला काही ते पटलं नाही. डबी पुन्हा आली, त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत झोपले. झोपले कसली, नुसती पडून राहिले.

दुसऱ्या रिपोर्टात झोपेत श्वास थांबण्याचा आजार चांगलाच जोरात निघाला. रोज नाकाला हवा देणारं मास्कचं मशीन लावून झोपायचं, आणि ते सुरू होऊन बरं वाटेपर्यंत बस चालवायची नाही. डॉक्टरांनी फोन ठेवला, तरी हे माझ्याकडेच बघत राहिले, जणू मीच आजार लावला.

"पयल्या रिपोर्टात तर मी बरा हुतो. मग मशीन कशाला? तू हायेस की."

राग यावा की रडू, मला कळेना. त्यात प्रेम होतं, तेही कळत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

"आन् मी कवा झोपायचं?" मी विचारलं.

हे उठून माझ्याजवळ आले. मग माझ्या हातातला मोबाईल घेऊन म्हणाले, "मशीन कवा येनार म्हनले डाक्टर?"