शाई सरांची, पेन्सिल माझी

टाचणीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पट्टी घेऊन वहीच्या पानावर उभी रेघ मारत होती. तास सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती आणि आम्ही बाकीचे खिडकीत टवाळक्या करत होतो. डावीकडे तळहाताएवढी जागा सोडायची, उजवीकडे उरलेलं पान, मध्ये रेघ. अशी पन्नासेक पानं ती घरूनच आखून आली होती. मला तेव्हाच तिचा राग आला. इतकी तयारी करून कुणी वर्गात येतं का?

अंगानं काडी आणि प्रश्न टोचणारे, म्हणून टाचणी. हे नाव मीच ठेवलं. वीस-बावीस वर्षं झाली, आता तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं असेल. ती याच तंत्रनिकेतनात विजेच्या वर्कशॉपची शिक्षिका आहे आणि मी त्याच वर्कशॉपचा स्टोअरकीपर. जाळीच्या खिडकीआड बसतो, चिठ्ठी घेतो, सामान देतो, रजिस्टरवर सही घेतो. हुशार कोण आणि आळशी कोण, हे यावरून कळलंच असेल.

तिची लिहिण्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. आमचे विजेचे सर डोळे मिटून सांगायचे. ‘घ्या’ म्हणाले की चाळीस माना खाली. आम्ही हमालासारखं लिहायचो, शब्द आला की टाक पाटीत. टाचणी मात्र आधी ऐकायची. व्याख्या आणि कामाच्या पायऱ्या सरांच्याच शब्दांत, बाकीचं स्वतःच्या चार ओळींत. हे सगळं उजवीकडे, निळ्या शाईत. संध्याकाळी बस यायच्या आधी कँटीनच्या पायरीवर बसून ती तेच पान पुन्हा उघडायची. उजवी बाजू पुठ्ठ्यानं झाकायची आणि स्वतःलाच विचारायची, आज काय शिकलीस, सांग. जे आठवलं नाही, जे पटलं नाही, जे विचारायचं राहिलं, ते डावीकडे पेन्सिलीनं. तेही कडक पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं.

“डावीकडे पण शाईनं लिही की,” मी एकदा म्हणालो.

“शाई सरांची,” ती म्हणाली. “पेन्सिल माझी. दोन्ही एक झालं की कुणी काय म्हटलं ते मलाच कळणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तास संपला की ती वही घेऊन सरांच्या मागे जायची. सर वैतागायचे, पण उत्तर द्यायचे. तेव्हा ते तरुण होते आणि आपलं काही चुकलं तर कान पकडायची त्यांना अजून लाज वाटत नव्हती. एकदा कॉरिडॉरमध्येच त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि भिंतीला वही टेकवून डाव्या जागेत काहीतरी काढून दिलं. मी शेजारी उभा होतो. काय काढलं ते पाहायची तसदी मी घेतली नाही. मला भूक लागली होती.

आता माझा पराक्रम. दुसऱ्या वर्षी परीक्षेला आठ दिवस असताना मी तिची वही मागितली. “दोन दिवसांत परत दे,” ती म्हणाली. मी ती उतरवून घेणार होतो, असं मी तिला सांगितलं होतं. उतरवणार कोण! फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि अख्खी वही त्याच्या यंत्राखाली घातली. त्यानं एक प्रत मला दिली आणि न सांगता एक स्वतःला ठेवली. पुढच्या वर्षी त्याच्या दुकानात ‘टाचणीच्या नोट्स’ अशी पाटीच लागली. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत. किती बॅचेस त्यावर पास झाल्या त्याची गणतीच नाही. मीही झालो, काठावर.

टाचणी रागावली का? चार दिवस बोलली नाही. मग तिलाही बरं वाटायला लागलं असणार. स्वतःची वही शेकडो पोरं पाठ करतात, कुणाला आवडणार नाही? तिनं ती प्रत कधी उघडून पाहिली नाही. स्वतःची मूळ वही घरी होती, प्रत कशाला पाहायची?

आणि ही अशी सगळी शहाणी मंडळी असताना यंदाच्या मार्चमध्ये एका पोरीचा हात भाजला.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुनं पॅनल आहे, मोठ्या कपॅसिटरचं. कपॅसिटर म्हणजे काय, तर वीज पोटात धरून ठेवणारा डबा. स्विच बंद केला तरी ती आतच राहते. आधी डिस्चार्ज रॉड लावून ती काढून टाकावी लागते. नाहीतर जो पहिला हात लावील त्याच्यातून ती निघते. टाचणीच्या बॅचला हे प्रात्यक्षिक असलं की ती स्वतःच्या कपाटातला रॉड घेऊन पॅनलपाशी उभी राहायची, म्हणून इतकी वर्षं काही घडलं नाही. त्या दिवशी सरांनी तिला दुसऱ्या इमारतीत पर्यवेक्षणाला पाठवलं. सर आता विभागप्रमुख आहेत. बॅच मी बघतो म्हणाले आणि केबिनमध्ये फोनवर बसले.

ती पोरगी माझ्या खिडकीशी आली. वर्गातली सगळ्यात शांत. सकाळी एका दवाखान्यात फोन घ्यायचं काम करते, त्यामुळे पहिला तास तिचा नेहमी बुडतो. म्हणून झेरॉक्सच्या नोट्स. चिठ्ठीत लिहिलं होतं: पकड, पाना, टेस्टर. मी पकड दिली, पाना दिला, टेस्टर दिला, सही घेतली. डिस्चार्ज रॉड माझ्या डोक्यामागे खिळ्याला लटकत होता, धूळ खात. तिनं मागितला नाही. मी दिला नाही.

दहा मिनिटांनी आवाज झाला. पोरगी मागे फेकली गेली. उजव्या हाताची तीन बोटं भाजली आणि मनगट बाकाच्या कडेवर आपटून मोडलं.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत चौकशी. पोरगी प्लास्टर घालून, शेजारी तिची आई, कारखान्याच्या निळ्या कोटातच आलेली, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. सर, टाचणी आणि मी. सरांनी टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला आणि पान उघडून बोट टेकवलं.

“मुली, हे कुठून वाचलंस?”

“टाचणी मॅडमच्या नोट्समधून, सर.”

“काय लिहिलंय?”

पोरीनं पाठच म्हटलं, “प्रथम पुरवठा बंद करावा. पुरवठा बंद झाल्यावर पॅनल निर्जीव समजावे व कपॅसिटर सोडवावा.”

“बघा,” सर प्राचार्यांकडे वळले. “आम्ही वर्गात कंठशोष करतो आणि ही मुलं बाजारातला कचरा वाचून येतात. हा निष्काळजीपणा आहे. अशा विद्यार्थिनीला प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणं धोक्याचं आहे.”

म्हणजे वर्ष गेलं. आईला ते लगेच कळलं. ती म्हणाली, “साहेब, तिच्या हाताचं काय ते आम्ही बघू. वर्ष घालवू नका.”

प्राचार्यांनी मला विचारलं, “डिस्चार्ज रॉड दिला होता?”

“मागितला नव्हता,” मी म्हणालो. खरंच होतं. खरं बोलूनही माणसाची इतकी लाज निघते, हे मला त्या दिवशी समजलं.

मी टाचणीकडे पाहत होतो. बोल ना बाई. बावीस वर्षं सगळ्यांना टोचत आलीस, आणि आता मूग गिळून बसलीस? तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. तिनं हात लांब करून तो गठ्ठा ओढला. स्वतःच्या वहीची प्रत ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर उलटत गेली. उजवीकडे तिचं अक्षर, काळं, जाड झालेलं. डावीकडे तळहाताएवढी पांढरी पट्टी. प्रत्येक पानावर. यंत्रानं शाई उचलली होती आणि पेन्सिल सोडून दिली होती.

“माझी अर्धी वही कुठे गेली?” ती म्हणाली. तिनं मान वर केली ती माझ्याकडे.

मी नजर दाराकडे वळवली.

“मला उद्यापर्यंत वेळ द्या,” ती प्राचार्यांना म्हणाली. सर हसले. हाताखालच्या माणसाला माफ करताना हसतात, तसे.

दुसऱ्या दिवशी तिनं मूळ वही आणली. खाकी कव्हर, कडेला उसवलेलं. तेच पान उघडून तिनं झेरॉक्सशेजारी ठेवलं. डावीकडे पेन्सिलीत होतं: ‘बंद झाल्यावर कपॅसिटर निर्जीव कसा? आतल्या विजेचं काय? विचारणे.’ आणि त्याच्याखाली, दुसऱ्याच तिरप्या अक्षरात: ‘आधी डिस्चार्ज करणे. मग दोन्ही टोकं जोडून ठेवणे.’ शेजारी छोटी आकृती.

“तुम्ही वर्गात सांगितलं ते उजवीकडे आहे,” टाचणी म्हणाली. “मी विचारलं ते डावीकडे. वर्गात तुम्ही ते पुन्हा दुरुस्त करून सांगितलं नाहीत, सर. मला एकटीलाच सांगितलंत.”

“पेन्सिलीनं काय, कालही लिहिता येतं,” सर म्हणाले.

मला वाटलं, उठून टेबल उलटं करावं. टाचणीचा आवाज मात्र चढला नाही. तिनं आकृतीवर बोट ठेवलं. त्यात रोधाची, म्हणजे रेझिस्टरची, नागमोडी रेघ होती. सगळं जग ती तीन-चार वळणांची काढतं. आमचे सर सात वळणांची काढतात, शेवटी एक झटका देऊन. बावीस वर्षं काढतायत. प्राचार्यांच्या खिडकीतून समोरच्या वर्गातला फळा दिसतो. सर सकाळचा तास घेऊन थेट इकडे आले होते आणि फळा पुसलेला नव्हता; त्यावर तीच सात वळणं होती. प्राचार्यांनी फळ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“हे मी काढलेलं नाही, सर,” टाचणी म्हणाली. “तुम्ही माझ्या हातातून पेन्सिल घेतली होतीत.”

“मी होतो तिथे,” मी म्हणालो. बावीस वर्षांत पहिल्यांदा न मागता काही दिलं. “आणि वही झेरॉक्सला मी नेली. रॉडही माझ्या मागेच लटकत होता.”

अहवालात काय आलं म्हणता? ‘सूचनांमध्ये त्रुटी आढळली.’ कुणाची त्रुटी, ते नाही. सरांनी कुणाची माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे डोळे मिटून वर्गात बोलत होते. मला आजही त्यांचा नमस्कार घ्यावासा वाटत नाही आणि मी घेत नाही. पण पोरीला परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. तिची आई परवानगीच्या कागदावर सही करून कारखान्यात गेली. उरलेला अर्धा दिवस तरी भरायचा होता तिला.

माझ्याशी टाचणी आठ दिवस बोलली नाही, आणि हे चार दिवसांसारखं नव्हतं. त्या आठ दिवसांत तिनं झेरॉक्सवाल्याकडचे सगळे गठ्ठे उचलून आणले आणि वर्गात सगळ्यांच्या देखत फाडले. मग पोरांना कोऱ्या वह्या काढायला लावल्या, पट्टी घ्यायला लावली, रेघ मारायला लावली. एक जण म्हणाला, “मॅडम, तुमची मूळ वहीच द्या ना, आम्ही फोटो काढतो, त्यात पेन्सिलसुद्धा येईल.” तिनं त्याला असं काही झाडलं की मला स्टोअरमध्ये ऐकू आलं.

“माझे प्रश्न घेऊन तू काय करणार आहेस रे? तुझे काढ.”

परीक्षेआधीच्या सरावाला ती पोरगी माझ्या खिडकीशी आली. प्लास्टर निघालं होतं, बोटांवर गुलाबी कातडी होती, बोटं अजून वळत नव्हती. डाव्या हातानं लिहिलेली चिठ्ठी तिनं सरकवली. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. पहिल्या ओळीत डिस्चार्ज रॉड, मग पकड, पाना, टेस्टर.

मी रॉड खिळ्यावरून काढला, पुसला, जाळीखालून पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

“काका, एक विचारू?”

“विचार.”

“त्या दिवशी कुठल्या कामाला चाललेय ते मी चिठ्ठीवर लिहिलं होतं. कपॅसिटर पॅनल. तुम्ही वाचलं होतं ना?”

दर चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात कामाचं नाव लिहावं लागतं. तो नियमच आहे. इतकी वर्षं मी त्या चिठ्ठ्यांवरचं सामान तेवढं वाचत आलो.

“नाही,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, रॉड उचलला. मी रजिस्टर पुढे सरकवलं. डाव्या हातानं सही करायला तिला बराच वेळ लागला आणि मी ती पुरी होईपर्यंत बघत बसलो.