एका टायमाले एकच काम

"एका टायमाले एकच काम, भाऊ," असं म्हणत तो मान वर न करता माझा कागद घेई आणि ढिगाच्या तळाशी सरकवी.

अहेरीच्या आमच्या ऑफिसात तेव्हा कॉम्प्युटर एक आणि तो चालवणाराही एकच. घुग्घुसच्या घड्याळवाल्याचा मुलगा, सहा महिन्यांच्या करारावर आलेला. आम्ही पाच कारकून, पाचही जणांना घाई. ज्याच्यावर सगळेच लादतात असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. लादणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे.

हे यंत्र एकाच वेळी छापतं, टाइपही करू देतं, ते कसं, असं मी एकदा विचारलं. तो दमल्यासारखा हसला.

"एकच करते. याचं थोडं, त्याचं थोडं. आतमधी मुकादम बसला हाये, ऑपरेटिंग सिस्टम म्हन्तेत त्याले. तो नंबर लावते. काम सोडताना कुठी सोडलं ते लिहून ठेवते. नाई तर वापस कुठी येईल?"

त्याचंही तसंच होतं. कोणी हाक मारली की हातातल्या यादीवर चिठ्ठी, 'ओळ एकेचाळीस'. मग दुसऱ्याचं काम, तिथेही चिठ्ठी. संध्याकाळी नुसता बोटं चोळत बसायचा.

त्या शुक्रवारी मोठे साहेब येणार होते. नव्या रेशनकार्डांची यादी पाहून त्याचा करार वाढवायचा की नाही, ते ठरवणार होते. त्याने नुकतीच बायको अहेरीला आणली होती. यादीच्या कागदांवर चिठ्ठ्या लावून तो नमाजाला गेला. घरी स्वतःची कपबशी न उचलणारा मी, नेमका त्या दिवशी टेबल आवरायला उठलो. चिठ्ठ्या रोज पाहत होतो, तरी कचऱ्यात टाकल्या.

परत येऊन त्याने अंदाजाने पुढे टाइप केलं. एक गाव दोनदा आलं, एक आलंच नाही. साहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मी खरं सांगायला उठलो, माठातलं पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो.

करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेत तो माझ्या टेबलाशी आला. माझं एक पत्र अर्धं राहिलं होतं, ते करून देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, गाडी चुकेल. तो बसलाच.

"त्या चिठ्ठ्या मी फेकल्या," मी म्हणालो.

"मालूम हाये, भाऊ. आता बोलू नका, ओळ चुकते."

मी त्याच्यासमोर कागद धरला. बाहेर त्याची बायको ट्रंकेवर बसून रस्त्याकडे बघत होती.